वार, नाटक आणि जागा : परगावच्या प्रेक्षकाच्या निवडीचा इतिहास

नाट्येतिहासात प्रेक्षक येतो तो बहुधा समूहवाचक नावाने. पुण्याचा चोखंदळ प्रेक्षक, गिरणगावातला कामगार प्रेक्षक, कलकत्त्याचा भद्रलोक अशी ही नावे आहेत. या सर्व नावांत प्रेक्षक त्या शहराचा रहिवासी आहे हे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कोणत्याही मोठ्या शहरातील नाट्यगृहात रोज काही खुर्च्यांवर परगावची माणसे बसलेली असतात. कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता, परीक्षा, यात्रा अशा कोणत्या तरी कामाने ती शहरात आलेली असतात. हाताशी एखाददुसरी संध्याकाळ मोकळी असते आणि आलोच आहोत तर एखादे नाटक पाहून जावे असा विचार मनात येतो. हा प्रेक्षक परीक्षणे लिहीत नाही, नाट्यसंस्थेचा सभासद होत नाही, नटाच्या आठवणींत त्याचे नाव येत नाही. दोन दिवसांनी तो गाडीत बसून निघून जातो आणि इतिहासातूनही निघून जातो.

या प्रेक्षकाला तीन गोष्टी ठरवायच्या असतात : कोणता वार, कोणते नाटक आणि कोणती जागा. वरवर पाहता ही त्याच्या आवडीची आणि खिशाची बाब आहे. परंतु या तीन गोष्टी तो कोणत्या क्रमाने ठरवू शकतो, हे त्याच्या हातात नसते. तो क्रम त्या शहराचा नाट्यव्यवहार ठरवतो. लंडनमध्ये आधी नाटक ठरते आणि मग वार. मुंबईत आधी वार ठरतो आणि त्या वारी जे असेल त्यातून नाटक. जुन्या कलकत्त्यात आधी नाट्यगृह ठरत असे, कारण वार मुळातच ठरलेले होते. हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे भाषाभाषांतील नाटकांची तुलना करताना एक ठरावीक चूक वारंवार घडते. ती प्रयोगसंख्येच्या तुलनेत सर्वांत स्पष्ट दिसते.

अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले. २०२० साली महासाथीमुळे पडलेला खंड सोडला तर ते चालूच राहिले आणि त्याच्या प्रयोगांची संख्या २८ हजारांच्या पलीकडे गेली. मराठीत गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याने पाच हजारांहून अधिक प्रयोगांचा पल्ला गाठला. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोकप्रियतेचे प्रमाण काढणे सोपे आहे. मात्र ते दिशाभूल करणारे आहे. ‘द माउसट्रॅप’ने सात दशकांत एकदाच, १९७४ मध्ये, आपले नाट्यगृह बदलले, आणि तेही शेजारच्या इमारतीत जाण्यासाठी. नाटक जागेवर बसून राहिले आणि प्रेक्षक जगभरातून त्याच्याकडे येत गेले. खुनी कोण हे बाहेर सांगू नका, ही प्रयोगाअखेरची विनंती रोज नवा प्रेक्षक येणार या हिशेबावरच टिकू शकते. ‘वस्त्रहरण’ मात्र मुंबईतल्या वेगवेगळ्या नाट्यगृहांत, कोकणात, गोव्यात आणि परदेशांतही गेले. त्याचे प्रयोग म्हणजे नाटकाने केलेल्या प्रवासाची मोजणी आहे. ‘द माउसट्रॅप’चे प्रयोग म्हणजे प्रेक्षकांच्या प्रवासाची मोजणी आहे. दोहोंचे एकक एक नाही.

ही दोन एकके कशी घडली हे पाहायचे तर तिकिटापासून सुरुवात करावी लागते. विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ १८४३ मध्ये सांगलीच्या दरबारात झाले, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नव्हता. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन यांचे १८५१ मध्ये निधन झाले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांना आपला खेळ घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. हे नाट्यगृह १८४६ पासून चालू होते आणि ते इंग्रजी खेळांसाठी उभारलेले होते. त्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही पुढच्या शंभर वर्षांच्या मराठी नाट्यव्यवहाराचे दोन्ही आधार, तिकीट आणि आगगाडी, एकाच वर्षी एकाच शहरात दिसावेत ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

बंगालमध्ये तिकीट आले ते वादासह. बेलगाछियासारख्या राजवाड्यांतील आणि धनिकांच्या हवेल्यांतील नाटके निमंत्रितांसाठी असत. ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात चितपूर भागातल्या मधुसूदन सान्याल यांच्या घरी नॅशनल थिएटरने दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’चा प्रयोग तिकीट लावून केला आणि सामान्य माणसाला पैसे मोजून आत जाता आले. गिरीशचंद्र घोष या प्रयोगापासून दूर राहिले होते. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर ‘नॅशनल’ हे नाव लावून लोकांकडून पैसे घेणे त्यांना पटले नव्हते. पुढे हेच गिरीशचंद्र बंगाली व्यावसायिक रंगभूमीचे आधारस्तंभ झाले, तरी त्यांचा तेव्हाचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. तिकीट लावले की परका माणूस हिशेब मागू शकतो. निमंत्रिताला तो अधिकार नसतो.

परक्या माणसाचा हा प्रवेश सरकारच्याही ध्यानात आला. १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमाचा उगम कलकत्त्याच्या रंगभूमीवरील प्रहसनांत आहे हे सर्वश्रुत आहे. त्या अधिनियमातील एका स्पष्टीकरणाकडे मात्र कमी लक्ष गेले आहे. प्रयोग पाहण्यासाठी पैसे घेऊन जनतेला जिथे प्रवेश दिला जातो, ती इमारत किंवा आवार सार्वजनिक जागा समजले जाईल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे जागा सार्वजनिक आहे की खासगी याची कसोटी कायद्याने तिकिटावर ठेवली. खाडिलकरांचे १९०७ मधील ‘कीचकवध’ १९१० मध्ये बंद करण्यात आले, त्यामागेही हीच धास्ती होती. छापील संहिता गावोगाव पोचतेच. पण पुस्तक एकट्याने वाचले जाते आणि तिकीट काढून आलेला समूह एकत्र टाळ्या वाजवतो.

तिकीट दोन्हीकडे आले, पण त्यानंतर दोन रंगभूमींचे मार्ग वेगळे झाले. बंगाली रंगभूमीने कलकत्त्यात इमारती उभ्या केल्या आणि ती त्यांत राहिली. मराठी रंगभूमीने पेट्या भरल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चा प्रयोग झाल्यानंतर किर्लोस्कर मंडळींनी जो शिरस्ता पाडला तो पुढच्या जवळजवळ सर्व संगीत मंडळ्यांनी पाळला. पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर, नाशिक, नागपूर आणि मराठी मुलखाबाहेर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद असा फिरता मुक्काम असे. पडदे, पोशाख, वाद्ये, आचारी आणि नटमंडळी आगगाडीच्या डब्यांतून जात. जिथे नाट्यगृह नसेल तिथे मांडव किंवा पत्र्याचे थिएटर उभे राही. कंपनी गावात उतरली की हस्तपत्रके वाटली जात, वाजतगाजत दवंडी फिरे आणि मुक्कामाच्या काळात कोणत्या वारी कोणता खेळ हे जाहीर होई.

या व्यवस्थेत परगावचा प्रेक्षक होता, पण तो शहराच्या सहलीला आलेला नव्हता. तो आसपासच्या खेड्यांतून बैलगाडी जोडून, भाकऱ्या बांधून, खास त्या खेळासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी येई. त्याने घर सोडले तेव्हाच नाटक ठरलेले असे. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले, त्यामुळे मुक्कामाची स्वतंत्र सोय लावण्याचाही प्रश्न उरत नसे. त्याच्यापुढे निवड असे ती जागेची. कोच, खुर्ची, बाक, पिट, गॅलरी आणि स्त्रियांसाठी वेगळी बसण्याची जागा ही त्या काळच्या जाहिरातींतील परिचित उतरंड आहे. ही उतरंड म्हणजे गावाच्या सामाजिक रचनेचा जवळजवळ नकाशाच असे. मुंबईहून आलेली कंपनी ती रचना बरोबर घेऊन येत नसे. गावात होती तीच दरांच्या भाषेत मांडून दाखवी. कुलीन स्त्रियांनी नाटकास जावे की नाही या वादात पुष्कळ शाई खर्च झाली. त्या वादापेक्षा वेगळ्या बैठकीच्या सोयीने प्रश्न अधिक वेगाने सुटला, असे म्हणावेसे वाटते.

मराठी प्रेक्षकाने एका नाटकासाठी शहराची वाट धरली, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले. एरवी प्रतिस्पर्धी असणाऱ्या दोन कंपन्यांचे दोन अग्रणी नट एका रात्री एका पडद्याआड होते आणि तिकिटांचे दर त्या काळाच्या मानाने अफाट होते. केशवरावांचे त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला निधन झाले. त्यामुळे या प्रयोगाच्या आठवणीला जी झळाळी आली तिच्यात त्याचे व्यावहारिक वेगळेपण झाकोळून गेले. गावोगाव जाणाऱ्या रंगभूमीने येथे प्रेक्षकाला सांगितले, की हे तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही या. वार, नाटक आणि जागा तिन्ही आधीच ठरलेली होती. उरला होता तो फक्त तिकीट मिळण्याचा प्रश्न.

कलकत्त्याचे चित्र याच्या नेमके उलट होते. स्टार थिएटर १८८३ मध्ये बीडन स्ट्रीटवर आणि १८८८ मध्ये कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर, मिनर्व्हा १८९३ मध्ये आणि क्लासिक १८९७ मध्ये अशी पक्की नाट्यगृहे एकाच शहराच्या उत्तर भागात, पायी जाण्याच्या अंतरावर उभी राहिली. १८५४ मध्ये हावड्याहून आणि १८६२ मध्ये सियालदहच्या बाजूने निघालेल्या आगगाड्यांनी बंगालचा मोफसल भाग शहराला जोडला होता. आगगाडी तीच, पण मराठी मुलखात तिने नाटकाची वाहतूक केली आणि बंगालमध्ये प्रेक्षकाची. कालांतराने कलकत्त्याच्या व्यावसायिक नाट्यगृहांचे वार ठरून गेले. विसाव्या शतकात गुरुवार, शनिवार आणि रविवार हा क्रम इतका रूढ झाला, की जाहिरातीत तो न छापला तरी चालले असते. परगावहून आलेल्या माणसाला वार शोधावा लागत नसे. त्याला नाट्यगृह निवडायचे असे, आणि नाट्यगृहाचे नाव म्हणजेच त्यातील नटांचे आणि नाटकाच्या जातीचे नाव असे.

म्हणूनच तेथे नाट्यगृहाच्या नावाला विलक्षण महत्त्व होते. बीडन स्ट्रीटवरील नव्या इमारतीला आपले नाव मिळेल अशी आशा नटी विनोदिनीला दाखवण्यात आली होती, कारण ती उभी राहण्यासाठी लागणारा पैसा तिच्यामुळेच मिळाला होता. प्रत्यक्षात नाव ठेवले गेले ‘स्टार’. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तिने हे शल्य नोंदवले आहे. या प्रसंगाचे वाचन बहुधा स्त्रीची फसवणूक म्हणून होते आणि ते योग्यच आहे. त्याला तिकीटविक्रीची बाजूही जोडली पाहिजे. बंगाली रंगभूमीवर १८७३ पासून स्त्रिया काम करीत होत्या. त्यांना पाहायला लोक येत होते. पण मोफसलातून आलेल्या गृहस्थाने घरी परतल्यावर कोठे गेला होता हे सांगताना त्या नटीचे नाव उच्चारावे लागू नये, एवढी काळजी नामकरणात घेतली गेली असावी. पाहण्याची मुभा आणि नाव घेण्याची मुभा या दोन निराळ्या गोष्टी होत्या. विधान सरणीवरील स्टारला ‘विनोदिनी’ हे नाव देण्याची घोषणा झाली ती डिसेंबर २०२४ मध्ये.

स्टारच्या त्या पहिल्या इमारतीतच २१ सप्टेंबर १८८४ रोजी रामकृष्ण परमहंस दक्षिणेश्वराहून ‘चैतन्यलीला’ पाहण्यास आले. विनोदिनी त्यात चैतन्याच्या भूमिकेत होती. ते आल्याचे कळल्यावर त्यांच्यासाठी तिकीट लागणार नाही, बरोबरच्या मंडळींना मात्र लागेल, असे आपण सांगितले, ही आठवण गिरीशचंद्रांनीच नोंदवली आहे. धर्मचरित्रात हा प्रसंग पूर्वपीठिकेसारखा येतो. नाट्यव्यवहाराच्या इतिहासात त्याचे मोल वेगळे आहे. निमंत्रित, आश्रित आणि ग्राहक या तीन नात्यांतून बाहेर पडून बारा वर्षे झाली होती, आणि तरीही दारात उभ्या असलेल्या माणसाचे नाते नेमके कोणते हे व्यवस्थापकाला अजून क्षणभर थांबून ठरवावे लागत होते. शिष्यांच्या बाबतीत त्याला थांबावे लागले नाही. साधू वेगळा, गिऱ्हाईक वेगळे, हा निवाडा त्याने केला.

लंडनमध्ये परगावच्या प्रेक्षकाची सोय लावण्याचे काम नाट्यगृहांनी एकट्याने केले नाही. बाँड स्ट्रीटच्या परिसरात वर्गणीदारांना पुस्तके वाचायला देणारी जी वाचनालये होती त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाट्यगृहांतील चांगल्या जागा घाऊकपणे विकत घेऊन त्या आपल्या गिऱ्हाइकांना विकण्यास सुरुवात केली होती. कादंबरीचा खंड बदलायला गेलेल्या माणसाला त्याच फळीवर संध्याकाळच्या खेळाची जागाही मिळे. कादंबरी आणि नाटक यांच्या वाचक-प्रेक्षकांतील नात्याचा अभ्यास करणाऱ्यांना यापेक्षा ठोस पुरावा मिळणे कठीण. जागा आधी राखून ठेवण्याची ही सवय वाढत गेली तसतशी, राखीव नसलेल्या पिटातील प्रेक्षकाची जागा आक्रसत गेली. ३१ जानेवारी १८८० रोजी बँक्रॉफ्ट दांपत्याने हेमार्केट नाट्यगृहातील पिट काढून टाकून तेथे राखीव खुर्च्या मांडल्या, तेव्हा पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी आरडाओरडा करून खेळ रोखून धरला. हे आंदोलन शहरवासीयांचे होते. राखीव खुर्चीचा फायदा पाहुण्याला होता. पिटाचा हक्क रोज येऊ शकणाऱ्याचा होता.

त्याच दशकांत दीर्घ काळ अखंड चालणाऱ्या प्रयोगांची पद्धत स्थिरावली. हेन्री बायरन यांचे ‘अवर बॉइज’ १८७५ ते १८७९ या काळात एकाच नाट्यगृहात १,३६२ वेळा झाले. एवढा प्रेक्षक केवळ लंडनचे रहिवासी पुरवू शकले नसते. आगगाडीने येणारा माणूस आता घरून निघतानाच अमुक नाटक पाहायचे असे ठरवून निघू शकत होता, कारण तो कोणत्याही दिवशी पोचला तरी ते चालू असणार होते. आठवड्याला आठ खेळ हा पुढे रुळलेला हिशेब याच खात्रीचे गणिती रूप आहे.

मुंबईत अशी खात्री कधीच निर्माण झाली नाही. बोलपटांच्या आगमनानंतर, १९३० च्या दशकात संगीत मंडळ्या एकेक करून विसर्जित झाल्या आणि अनेक नाट्यगृहांत पडदे लागले ते चित्रपटाचे. नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा त्याची घडण बदललेली होती. गिरगावात साहित्य संघ मंदिर (१९६४), दादरला शिवाजी मंदिर (१९६५), पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर (१९६८), ठाण्यात गडकरी रंगायतन (१९७८) ही नाट्यगृहे बांधली गेली. पण ती कोणा एका नाटकमंडळीची नव्हती. निर्माता वेगळा, नाट्यगृह वेगळे. एका नाट्यगृहात दुपारी एक नाटक, रात्री दुसरे आणि दुसऱ्या दिवशी तिसरे. एकच नाटक शनिवारी दादरला तर रविवारी ठाण्याला. कंपनीचा मुक्काम संपला, तरी फिरण्याची खोड गेली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून होणारा फेरा आता उपनगरांतून होऊ लागला एवढाच फरक.

या व्यवस्थेत परगावच्या माणसाला सर्वांत मोठा आधार दैनिकातील नाटकांच्या जाहिरातींचा होता. त्या रकान्याची स्वतःची भाषा आहे. शुभारंभ, पुनरागमन, शतकमहोत्सव, ‘लोकाग्रहास्तव’ ही विशेषणे नाटकाबद्दल फारसे सांगत नाहीत. ते किती दिवस टिकून आहे आणि पुन्हा केव्हा सापडेल याविषयी सूचना देतात. वाचणारा माणूस आधी आपली तारीख शोधतो, मग उतरलेल्या ठिकाणापासून जवळचे नाट्यगृह, मग वेळ, आणि शेवटी नाटकाचे नाव. शेवटची लोकल हा या वाचनातला न छापलेला रकाना असतो. कित्येकदा नाटक अमुक नटाचे आहे एवढेच पाहून निर्णय होतो, कारण तुलना करायला त्या दिवशी दुसरे काही नसते. लेखकाच्या नावावर निवड करण्याची चैन आठवड्यातून कोणत्याही दिवशी जाऊ शकणाऱ्या शहरवासीयाला परवडते.

जाहिरातीनंतरची पायरी प्लॅनची. नाट्यगृहातील जागांचा तक्ता तिकीट खिडकीवर उघडला जाई त्याला ‘प्लॅन उघडणे’ म्हणत, आणि प्रयोगाच्या काही दिवस आधी सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांत ही विक्री चाले. विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली पडे. लोकप्रिय नाटकाच्या पुढच्या ओळी पहिल्याच सकाळी भरून जात. परगावचा प्रेक्षक त्या सकाळी अजून आपल्या गावीच असे. ही अडचण मराठी समाजाने वाचनालय किंवा दलाल यांच्या मदतीने सोडवली नाही. ती सोडवली नातेवाइकांनी. मुंबईतल्या भावाला, मावशीला किंवा मेहुण्याला आधी पत्र जाई, पुढे ट्रंक कॉल जाई, आणि पाहुणे येण्यापूर्वी तिकिटे आणून ठेवलेली असत. निवड पाहुण्याने केली असे दिसले तरी ती बव्हंशी यजमानाची असे. पाहुण्यांना काय आवडेल, बरोबर आलेल्या सासूबाईंना काय चालेल, मुलांना काय दाखवता येईल याचा अंदाज घेऊन यजमान नाटक ठरवी. मध्यमवर्गीय कौटुंबिक नाटकाचा टिकाव हा केवळ शहरी अभिरुचीचा परिणाम मानला जातो. त्या टिकावात या पाहुणचाराचा वाटा किती, हा प्रश्न मराठी नाट्यसमीक्षेने विचारायचा राहून गेला आहे. ज्याचे मुंबईत कोणी नव्हते त्याच्या वाट्याला शेवटच्या ओळी, बाल्कनीची कड किंवा ‘हाऊसफुल्ल’ची पाटी येई. एखाद्या संस्थेने अख्खा प्रयोग कंत्राटाने घेतलेला असला तर पाटीचीही गरज नसे.

समांतर रंगभूमीच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ आणि अन्य संस्थांनी जे प्रयोग केले त्यांचे प्रेक्षक जवळपास सर्व मुंबईचे होते. थोडे प्रयोग, मर्यादित जागा आणि पाहुण्यांना घेऊन जावे की नाही अशी यजमानाला वाटणारी धाकधूक या तिन्हींमुळे परगावचा माणूस तेथे क्वचितच पोचला. १९७८ मध्ये सुरू झालेल्या जुहूच्या पृथ्वी थिएटरने राखीव क्रमांकाची खुर्चीच नाकारली. तेथे आधी येणाऱ्याला पुढची जागा. तत्त्व उदार आहे, पण दुपारी बोरीबंदरला उतरलेल्या माणसापेक्षा उपनगरवासीयाला ते अधिक सोयीचे. याचा परिणाम वाङ्मयाच्या अभ्यासावर झाला आहे. नागपूर, लातूर, इंदूर, बडोदे येथील, आणि दिल्ली-हैदराबादच्या मराठी विभागांतीलही, कित्येक वाचकांनी १९७० नंतरचे प्रायोगिक नाटक पुस्तक म्हणून वाचले आणि व्यावसायिक नाटक प्रयोग म्हणून पाहिले. पहिल्याची संहिता अभ्यासक्रमात आली, दुसऱ्याची संहिता छापलीसुद्धा गेली नाही असे पुष्कळदा घडले. या विभागणीला साहित्यमूल्याचे कारण दिले जाते. त्यातला काही भाग तरी तिकीट कोणाला मिळू शकत होते याने ठरलेला आहे.

कलकत्त्याचा क्रमही दरम्यान बदलून गेला. १९५९ मध्ये विश्वरूपा नाट्यगृहातील ‘सेतू’मध्ये तापस सेन यांनी प्रकाशाने उभी केलेली आगगाडी आणि त्याच वर्षाअखेर मिनर्व्हात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये खाणीत शिरणारे पाणी ही दृश्ये, उत्तर कलकत्त्याची जुनी व्यवस्था अजून जिवंत असताना, त्या व्यवस्थेच्या बळावर दीर्घकाळ दाखवता आली. असा देखावा रोज उभारायचा आणि मोडायचा म्हटले तर परवडत नाही. त्याला एकाच इमारतीत मुक्काम लागतो. हातीबागानची व्यावसायिक नाट्यगृहे पुढच्या तीन दशकांत मंदावली. १९९१ मध्ये स्टारला आग लागली आणि २००४ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा तेथे मुख्यतः चित्रपट दाखवले जाऊ लागले. ग्रुप थिएटरचे केंद्र दक्षिणेकडे, अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स आणि रवींद्र सदनाच्या परिसरात सरकले. तेथे सभागृह दिवसाच्या हिशेबाने वेगवेगळ्या संस्थांना मिळते. म्हणजे परगावहून आलेल्या प्रेक्षकाला आता कलकत्त्यातही आधी वार पाहावा लागतो. सव्वाशे वर्षे विरुद्ध टोकांना असलेली दोन शहरे या एका बाबतीत एकमेकांसारखी झाली.

दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या भारत रंग महोत्सवाने चौथाच क्रम आणला. येथे नाटके अनेक भाषांतली, प्रत्येकाचा प्रयोग एखाददुसरा, आणि पाहणारा बहुधा ती भाषा न जाणणारा. मणिपुरी की मराठी, कन्नड की आसामी, ही निवड वेळापत्रकाच्या कागदावर खुणा करून होते. दिग्दर्शकाचे नाव नाटककाराच्या नावाच्या पुढे जाते, कारण भाषा न समजणाऱ्याला ओळखीचे तेवढेच असते.

तिकीटविक्री संगणकावर आणि मग भ्रमणध्वनीवर आली तेव्हा, विशेषतः २००७ नंतर, प्लॅन पडद्यावर दिसू लागला. चिपळूणच्या माणसाला दादरच्या नाट्यगृहातील कोणती खुर्ची रिकामी आहे हे आता घरबसल्या कळते आणि त्यासाठी मेहुण्याला फोन करावा लागत नाही. यजमानाची मध्यस्थी गेली, तिच्याबरोबर यजमानाची निवडही गेली. परंतु त्या पडद्यावरही मराठी नाटक शोधताना प्रथम निवडावी लागते ती तारीखच. नाटकाचे नाव टाकून पाहिले तर पुढचा प्रयोग पाहुणा परत निघण्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि बोरिवलीला, असे उत्तर येण्याचा संभव असतो.